होमस्टेचा नियम: लंडनवाला चांगला का न्यूयॉर्कवाला? ग्रामसभेत विषय आहे

कोलाऱ्याकडचा
नमस्कार मंडळी. गाव आमचं ताडोबाच्या बफरमधलं, म्हणजे जंगलाभोवतीच्या पट्ट्यातलं, चिमूर तालुका, कोलारा गेटच्या अंगानं. मागच्या काही वर्षांत होमस्टे लय झाले, त्यात गावच्या लोकायचे कमी अन् नागपूर-पुण्याच्या लोकायनं जागा घेऊन बांधलेले जास्त. मालक कधी दिसत नाही, एक पोरगा चावी घेऊन बसून राहते, रात्री डीजे अन् सकाळी नाल्यात बाटल्या. आता ग्रामसभेत विषय घेऊन राहिलो का बा काहीतरी नियम करा. पोट्टे युट्यूब पाहून आले, एक म्हणते लंडनसारखं वर्षाले 90 रात्रीचं बंधन टाकू, दुसरा म्हणते न्यूयॉर्कसारखं मालक घरात राहत असंल तरच पाहुणा ठेवू द्या. सरपंचताई म्हणतात एक कोणतं तरी धरा, दोन्ही धरले तर सारेच अंगावर येतील. तिथलं नीट माहीत असलेलं कोणी आहे का इथं?

नागपूरकर_सध्या_लंडन
इथंच राहतो म्हणून सांगतो. पूर्ण घर थोड्या दिवसांसाठी भाड्यानं द्यायचं असेल तर एका कॅलेंडर वर्षात 90 रात्री, त्याच्यावर गेलं तर काउन्सिलची प्लॅनिंग परमिशन लागते. हे 2015 च्या कायद्यानं आलं, त्याच्याआधी एका रात्रीसाठी द्यायचं तरी परमिशन लागायची, म्हणजे 90 चा नियम खरं तर ढील देण्यासाठी होता, आता लोक त्यालाच बंधन म्हणून सांगतात 😄
खरी गोची म्हणजे मोजते कोण? एअरबीएनबी ही घरं बुक करायची साइट 2017 पासून 90 रात्री भरल्या की स्वतःच कॅलेंडर बंद करते, पण तोच फ्लॅट दुसऱ्या साइटवर टाकला की मोजणी पुन्हा एकपासून. नोंदणी सक्तीची केलीच नव्हती, त्यामुळे काउन्सिलची माणसं पुरावे गोळा करत हिंडतात. इंग्लंडसाठी रजिस्टर करायची तरतूद कायद्यात आली ती 2023 ला. आकडा आधी, वही मागून.

हिशोबी_भाऊ
90 चा आकडा आपल्या ताडोबाले लावून पाहा ना. कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, चालू राहते 1 ऑक्टोबर ते 30 जून, म्हणजे 39 आठवडे. शुक्रवार-शनिवारच्या रात्री धरल्या तर झाल्या 78. बाहेरच्याच्या बंगल्यात गर्दी वीकेंडलेच, वरून 12 रात्री दिवाळी अन् 31 डिसेंबरसाठी उरल्याच. त्याले हा नियम शिवतही नाही! अन् जी बाई दोन खोल्यायवर घर चालवते, पावसाळ्यात बफर सफारीचे पाहुणे घेते, मंगळवारी सफारी बंद असली तरी एखाददुसरा ठेवते, तिच्या 90 पहिले भरतील. लंडनवाला नियम सोडा.
न्यूयॉर्कचं सांगतो. लोकल लॉ 18, अंमल 5 सप्टेंबर 2023 पासून. 30 दिवसाच्या आतलं भाडं घ्यायचं तर शहराच्या ऑफिसात नोंदणी, मालक त्याच घरात राहणारा अन् पाहुणे असताना हजर, पाहुणे जास्तीत जास्त दोन, आतल्या खोल्यायले कुलूप नाही. बिननोंदणीचं बुकिंग घेतलं तर साइटलेही दंड, मालकाले 5000 डॉलरपर्यंत. एअरबीएनबी कोर्टात गेली अन् हारली, साइटवरची घरं धडाधड कमी झाली. पण तिथलं दुखणं वेगळं होतं, रहिवाशायले राहाले घर भेटत नव्हतं. आपल्याइकडं घर भेटते, वावर जाऊन राहिलं.

मोहर्लीची_ताई
दोन पाहुणे अन् कुलूप नाही हे आपल्याकडे कसं चालंल भाऊ, आमच्याकडे येते ते अख्खं खटलं, आजीपासून तान्ह्या लेकरापर्यंत. मालकानं तिथं राहावं एवढं मात्र घ्या. अन् त्यासाठी अमेरिकेचं नाव काढायची गरजच नाही, केंद्र सरकारच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत तेच आहे, 1 ते 6 खोल्या, जास्तीत जास्त 12 बेड, अन् मालक त्याच घरात राहणारा. ग्रामसभेत हे सांगा, न्यूयॉर्क म्हटलं की अर्धे हसतील.
दुसरं, साइटले दंड वगैरे इथं काही कामाचं नाही. आपलं बुकिंग येते जिप्सीवाल्याच्या फोनवर नाहीतर व्हॉट्सॲपवर, दंड कोणाले करसान? वहीच पाहिजे, पंचायतीत ठेवा, कोणाचं घर, किती खोल्या, राहते कोण. विदेशी पाहुणा आला तर 24 तासात त्याची माहिती सरकारले कळवावीच लागते, तेही बाहेरचे मालक कळवतात का ते एकदा विचाराच.

वकील_नाही_पण
थोडं थंडं पाणी टाकतो, रागवू नका. नुसत्या ठरावानं कोणाचा बंगला बंद होत नाही, तो उद्या कोर्टात जाईल. अन् मालक राहते हे दाखवाले तो चावीवाल्या पोराचंच नाव लावंल, मंग काय करसान?
ठरावापेक्षा पहिले 2019 चं ताडोबाच्या इको सेन्सिटिव्ह झोनचं नोटिफिकेशन वाचा, नवीन हॉटेल-रिसॉर्टवर त्यात बंधनं आहेत. नावाले होमस्टे अन् कामाले रिसॉर्ट असंल तर तिथंच अडकते. जमिनीचं एनए (बिगरशेती) झालं का, बांधकामाची परवानगी कोणाच्या नावानं, घरपट्टी राहत्या घराची भरते का धंद्याची, हे कागद मागा.

कोलाऱ्याकडचा
@हिशोबी_भाऊ 78 वाचून सरपंचताईले फोनच केला, 90 वाला विषय तिथंच कटला. @वकील_नाही_पण चावीवाल्याचं म्हणणं खरं आहे, आमच्यात एकानं तसं केलंही आहे म्हणतात. नोंदीसाठी मतदार यादीतलं नाव अन् घरपट्टीची पावती एकाच माणसाची पाहिजे असं टाकू का? म्हणजे चावीवाला गावचा असला तरी पावती त्याच्या नावानं निघणार नाही.

मोहर्लीची_ताई
टाका. पण भावाभावाचं सामाईक घर असते तिथं पावती थोरल्याच्या नावानं अन् पाहुणे धाकल्याची बायको पाहते, त्यायच्यासाठी "किंवा त्याच घरातलं कुटुंब" एवढं जोडा, नाहीतर पहिलं भांडण गावातच लागंल.

कोलाऱ्याकडचा
जोडतो. कोणाजवळ अशा ठरावाचा मसुदा असंल तर पाठवा राजेहो, ग्रामसेवक सुट्टीवर आहे अन् सभा सोमवारी.