प्रतिसाद: आजी-आजोबांसाठी नाताळची गाणी

आजी-आजोबांसोबत नाताळात कोणती गाणी म्हणावीत, या प्रश्नावर सगळ्यांनी इंग्रजी कॅरल्सच सुचवलीत की! मराठी ख्रिस्ती घरात आधी 'उपासना संगीत' हे मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक काढा. त्यात ख्रिस्ती कवी रेव्ह. ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) कितीतरी पदं आहेत. माझ्या आजीला हल्ली आमची नावं आठवत नाहीत, पण पेटीवर सूर धरला की तिची बोटं मांडीवर ठेका धरतात आणि दुसरं कडवं ती आमच्याआधी उचलते. पट्टी मात्र जरा खाली घ्या, वरच्या सुरात म्हातारे गळे गप्पच होतात. 'सायलेंट नाइट' हवंच असेल तर म्हणा, तेही पहिल्यांदा १८१८ साली गिटारच्या साथीवर गायलं गेलं. फक्त मोबाइलवर लावून देऊ नका. आजी स्पीकरकडे संशयाने बघत बसते.