अनुभव धागा: महागडं सिंथेटिक ऑइल टाकून गाडीत खरंच फरक पडतो का?

नांदेडकर (धागा काढणारा):
सर्व्हिसिंगला गाडी लावली की काउंटरवरचा पोरगा ठरलेला प्रश्न विचारतो, "सर, फुल सिंथेटिक टाकू का, गाडी मक्खन पळते." आपण हो म्हणलं की बिल हजार-दीड हजारानं वर. मक्खन म्हंजी नेमकं काय ते कुणी सांगत नाही. ज्यांनी मिनरल (क्रूडमधून काढलेलं साधं ऑइल) नाहीतर सेमी (मिनरल-सिंथेटिकचं मिश्रण) सोडून सिंथेटिक धरलंय, किंवा धरून पुन्हा सोडलंय, त्यांनी आपापल्या गाडीचं लिहा. गाडी कोणती, आधी कोणता ग्रेड (ऑइल किती पातळ-घट्ट त्याचा आकडा) होता, नंतर कोणता, काय बदललं. शेजाऱ्याच्या साडूचं ऐकीव नको.

माझं सांगतो. छोटी पेट्रोल गाडी, मॅन्युअलात ०डब्ल्यू-२० लिहिलंय. एवढं पातळ ऑइल साध्या मिनरल बेसवर जमतच नाही, म्हंजी अशा गाडीत पहिल्या दिवसापासून सिंथेटिकच पडतंय अन् काउंटरवाला विकतो ते त्यातलंच महाग भावंड. ते पण एकदा टाकून बघितलं. स्टेअरिंगवर बसून मला काहीच कळलं नाही.

लातूरची टॅक्सी:
आपली अर्टिगा सीएनजी, लातूर-पुणे भाड्यावर पळायलीय. पहिले सेमी होतं, आता फुल सिंथेटिक. पिकअपला काडीचा फरक नाही, अ‍ॅव्हरेज बी तेच. फरक एकच, पहिले दोन सर्व्हिसच्या मधी डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या कांडीवर) लेव्हल खाली यायची अन् वरून थोडं टाकावं लागायचं, आता तेवढं उडत नाही.
सीएनजीवाल्यांनी एक ध्यानात ठेवा. आपल्या इंजिनात काजळी होत नाही म्हणून ऑइल काळं पडत नाही, अन् आमच्या लाइनीतली पोरं डिपस्टिक बघून म्हणतात अजून लई चांगलंय, चालू दे. रंग चांगला असला तरी ऑइल उष्णतेनं आतून संपलेलं असतंय, रंगावर जाऊ नका, किलोमीटरवर जा.

जालन्याचा मिस्त्री:
माझं गॅरेज हाय, त्यामुळं मी चालवून नाही, उघडून सांगतो. गिऱ्हाईक सिंथेटिक टाकून गाडी घेऊन गेलं की संध्याकाळी फोन येतो, मिस्त्री गाडी लई हलकी झाली. आता हिशोब बघा, त्याच दिवशी मी एअर फिल्टर बदलला, प्लग बघितले, चारी चाकात हवा भरली, एक ब्रेक चिकटत होता तो सोडवला, हलकी होणारच की! पण बिलात मोठा आकडा ऑइलचा, म्हणून श्रेय ऑइलला. ज्याला खरंच बघायचंय त्यानं बाकी कशाला हात न लावता नुसतं ऑइल अन् ऑइल फिल्टर बदलावं. आवाज जरा बसतो एवढं बहुतेकांना जाणवतं, पण जळकं ऑइल काढून साधं नवं टाकलं तरी तेवढा बसतोच.

खरा फरक टॅपेट कव्हर, म्हंजी इंजिनच्या वरचं झाकण, उघडल्यावर दिसतो. लाख-दीड लाख चाललेल्या गाड्या येतात, ज्यात वेळच्या वेळी चांगलं ऑइल पडलंय तिच्या आत नुसती पिवळसर झाक. ज्यात स्वस्तातलं पडलंय अन् तेबी पुढच्या महिन्यात बदलू, दिवाळीनंतर बदलू करत ओढलंय तिच्यात काळा चिखल, सम्पमधली (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीतली) जाळी अर्धी बुजलेली. जाळी बुजली की ऑइल वर चढत नाही, मग टर्बोचं (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचं) बेअरिंग जातंय, टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर बऱ्याच गाड्यात ऑइलच्या प्रेशरवर चालतो तोबी ढिला पडतो अन् सकाळी स्टार्ट केलं की खडखड.
पण हेबी लिहितो, साधं ऑइल टाकून पाच हजाराला न चुकता बदलणारे ट्रान्सपोर्टवाले माझ्याकडं येतात, त्यांच्या इंजिनात चिखल नसतो. अन् भारीतलं सिंथेटिक टाकून फिल्टर जुनाच ठेवा म्हणणारे बी येतात. त्यांना काय सांगावं!

वाळूजवाला:
मिस्त्रींचं पटलं. कंपनीत मेंटेनन्सला आहे म्हणून थोडं तांत्रिक. ताकद येते पेट्रोल आणि हवा जळण्यातून, ऑइल ती वाढवत नाही, घर्षणात वाया जाते त्यातली थोडी वाचवतं. घट्ट ग्रेडवरून पातळ ग्रेडवर गेलं तर मायलेज एक-दोन टक्के सुधरतं आणि तेही लॅबमध्ये, आपल्या जालना रोडच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून ते कुठं दिसणार.

टर्बोची गोष्ट मात्र वेगळी. माझी एक लिटरची टर्बो पेट्रोल आहे. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतं, एका बाजूला लालबुंद तापलेला एक्झॉस्ट आणि मधल्या दांड्याला आधार फक्त ऑइलच्या थराचा. साधं ऑइल तिथं लवकर जळून कोळसा धरतं, सिंथेटिक जास्त तग धरतं. समृद्धीवर १२० च्या लिमिटला तासभर सलग चाललोय आणि मे महिन्यात बाहेर ४२-४३, अशा वेळी मी ऑइलमध्ये पैसे वाचवत नाही. खाली उतरल्यावर गाडी लगेच बंदही करत नाही, मिनिटभर चालू ठेवतो, ही सवय फुकट आहे आणि माझ्या मते ऑइलच्या ब्रँडइतकीच कामाची.

डब्यावर मोठ्या अक्षरात काय छापलंय त्याला भुलू नका. ऑइलचा मूळ द्रव म्हणजे बेस. त्यातला पीएओ नावाचा बेस कारखान्यात रेणू जोडून बनवतात, तो एपीआयच्या (अमेरिकेतली पेट्रोलियम संस्था) वर्गवारीत ग्रुप ४. बाजारातले बरेच "फुल्ली सिंथेटिक" डबे ग्रुप ३ चे असतात, म्हणजे क्रूडमधूनच आलेलं पण हायड्रोक्रॅकिंग (हायड्रोजनच्या दाबाखाली रेणू फोडून) करून खूप शुद्ध केलेलं. यावरून अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉलचं वाजलं होतं, १९९९ मध्ये तिथल्या जाहिरात तपासणाऱ्या संस्थेनं कॅस्ट्रॉलच्या बाजूनं कौल दिला आणि ग्रुप ३ वाल्यांना रान मोकळं झालं. ग्रुप ३ वाईट असतं असं नाही, उत्तम चालतं, पण दुप्पट भाव देताना डबा उलटा करून बघा. मी मागचा एपीआयचा दर्जा आणि गाडीच्या कंपनीचा अप्रूव्हल नंबर बघतो, पुढचं चित्र नाही.

परभणीकर मास्तर:
आमच्याकडं उन्हाळा सगळ्यांना माहितीय पण डिसेंबरात पहाटे पारा एक आकड्यावर येतो ते बाहेरच्यांना खरं वाटत नाही. माझी डिझेल गाडी अंगणात उभी असते, शाळा दूर असल्यामुळं भल्या पहाटे निघावं लागतं. १५डब्ल्यू-४० होतं तेव्हा स्टार्ट केल्यावर काही सेकंद वरून टकटक आवाज यायचा मग शांत. मॅन्युअलात ५डब्ल्यू-४० पण चालतं असं लिहिलेलं म्हणून ते सिंथेटिक टाकलं, आता टकटक जवळपास नाहीच. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, लहान असेल तितकं ऑइल गारठ्यात लवकर वर चढतं, आणि इंजिनची झीज बरीचशी अशा थंड स्टार्टलाच होते म्हणतात. एकदा गरम झाल्यावर दोन्हीत काय फरक विचाराल तर मला सांगता येणार नाही.

बीडचा मुकादम:
इथं सगळे नव्या गाडीवाले दिसायलेत. मपली जुनी डिझेल जीप, हंगामात कारखान्यावर टोळ्यांमागं पळती. पाहुण्यानं पुण्याहून भारीतलं सिंथेटिक आणून दिलं, टाक म्हणला. टाकलं. पंधरा दिवसात खाली थेंब थेंब सुरू, अन् मागून निळा धूर. पुन्हा २०डब्ल्यू-५० वर आलो, थेंब बी कमी धूर बी कमी.

जालन्याचा मिस्त्री:
@मुकादम, सील आधीच वाळलेलं होतं भाऊ. जुनी घाण तिथं बुजून बसलेली असती, नवीन ऑइलानं धुतली की वाट मोकळी. धूर हाय म्हंजी पिस्टनच्या रिंगा बघून घ्या, घट्ट ऑइलावर ते किती दिवस झाकणार.

धाराशिवची ताई:
मला तर फरक पडला, पण उलटा! रस्त्यावरच्या एका दुकानातून स्वस्तात "ओरिजनल" सिंथेटिक घेतलं, हायवेवर ऑइल प्रेशरचा दिवा लागला, तिथंच गाडी बंद करून टो करून आणली. गॅरेजवाल्यानं काढून बोटावर घेतलं तर पाण्यासारखं. रिकामे डबे भंगारात विकले जातात, त्यात काहीबाही भरून पुन्हा सील मारतात म्हणे. तेव्हापासून पक्कं बिल देणाऱ्याकडूनच घेते, झाकणाखालचं फॉइल बघते, कोड स्कॅन करते आणि जुना डबा झाकणाला भोक पाडूनच टाकून देते. तुम्ही पण पाडा.

हिंगोलीकर:
थोडं विषयाबाहेर पण कुणाचं तरी नुकसान वाचेल. भाच्यानं गाडीचं उरलेलं भारी सिंथेटिक बुलेटमध्ये ओतलं, महागाचंय म्हंजी चांगलंच असणार! क्लच घसरायला लागला, रेस वाढती पण गाडी पुढं जाईना. बाइकचा क्लच ऑइलातच बुडालेला असतो अन् कारच्या बऱ्याच ऑइलात घसरण वाढवणारी द्रव्यं असतात. बाइकला जासो (जपानी दर्जा) एमए नाहीतर एमए२ लिहिलेलंच टाका.

उदगीरकर:
बीएस६ डिझेलवाल्यांनी अजून एक बघा. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत डीपीएफ असतो, धुरातली काजळी अडवणारी जाळी. ऑइल जळून जी राख होते ती या जाळीत बसते आणि काजळीसारखी जाळून निघत नाही. म्हणून कमी राखेचं ऑइल लागतं, डब्यावर एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांचा दर्जा) सी२, सी३ असं काहीतरी असतं, तुमच्या मॅन्युअलात असेल तेच. मला एका दुकानदारानं त्याहून महाग दुसरंच दाखवलं, सिंथेटिकच होतं पण सी मधलं नव्हतं. घेतलं नाही. आणि गावातल्या गावात पाच-पाच मिनिटं चालवत असाल तर डीपीएफ साफ व्हायचं काम अर्धवट राहून डिझेल ऑइलात उतरतं, लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढते. लेव्हल वाढली म्हणून खूश होऊ नका, बदला.

सेलूचा शेतकरी:
समदं वाचलं. मिस्त्री, ट्रॅक्टरला सिंथेटिक टाकावं का? डीलरकडचा पोरगा मागं लागलाय.

जालन्याचा मिस्त्री:
काही गरज नाही दादा. मॅन्युअलात १५डब्ल्यू-४० का काय लिहिलंय ते टाका अन् तासाच्या मीटरवर बदला, सीझन संपल्यावर नाही. सोयाबीनच्या मळणीला ट्रॅक्टर किती धूळ खातो ते तुम्हाला माहितीय, ऑइल बाथचा एअर क्लीनर असेल तर त्याच्या वाटीतलं ऑइल आधी बघा, खाली गाळ बसला असेल तर काढून टाका. उरलेल्या पैशात डिझेलचा फिल्टर येतोय.