यानात न दिसणारा जीव माणसांच्या मनाचा ताबा घेतो, हे स्टेजवर कसं दाखवावं?

दुधनाकाठचा (सेलू)

नमस्कार मंडळी. आमचा सेलू-परभणीकडच्या पोरापोरींचा ग्रुप एक एकांकिका बसवायलाय. गुरू ग्रहाकडं निघालेलं यान, नाव 'दुधना', आत पाच जण. कॅप्टन (बाई आहे, अंबाजोगाईची), पायलट, इंजिनिअर, डॉक्टर आणि वनस्पतींवर काम करणारी एक बाई, जी यानातली भाजीपाल्याची खोली सांभाळती. गुरूजवळ पोचता पोचता यानात काहीतरी शिरतं. दिसत नाही, आवाज नाही, वास नाही, अन् एकेकाच्या मनाचा ताबा घेत जातं. पृथ्वीला विचारावं तर तिथून सिग्नल पोचायलाच अर्धा-पाऊण तास, म्हणजे एक प्रश्न विचारून उत्तर यायला तासाच्या वर, तवर जे व्हायचं ते होऊन जातं. इथपर्यंत जमलंय.

अडलंय पुढं. ताबा घेतला हे दाखवायचं कसं? इंजिनिअर करणारा पोरगा डोळे फिरवतो, मान गरागरा हलवतो, आवाज घोगरा काढतो आणि तालमीला बसलेली सगळी म्हणतात याच्या अंगात आलं. लोक हसायलेत. मला त्यांना घरी गेल्यावर झोप लागू नये असं काहीतरी पाहिजे. दुसरं म्हणजे बाकीच्यांना कळणार कसं की कोण स्वतःच्या मनाचा राहिलाय आणि कोण नाही? बीप वाजवणारं मशीन आणायचं नाही, आणि शेवटी सगळं स्वप्न होतं असंही करायचं नाही, तो जीव खराच आहे. जाणकारांनी मार्ग सुचवा.

जुना_वाचक_लातूर

डोळे फिरवणं, घोगरा आवाज, आधी काढून टाका. ज्याचा ताबा घेतलाय त्याला स्वतःलाच ते कळू नये, सगळी भीती तिथं आहे. आपण जे करतोय ते आपणच ठरवलंय अशी त्याची पक्की खात्री पाहिजे, आणि विचारलं की त्यानं चांगलं पटण्यासारखं कारण द्यावं.

हे मी हवेत बोलत नाही. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या पेटर योहान्सन आणि लार्स हॉल यांच्या गटानं २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. समोरच्याला दोन बायकांचे फोटो दाखवायचे, विचारायचं यातली कोण जास्त छान दिसते, त्यानं एकीकडं बोट केलं की तो फोटो त्याच्या हातात द्यायचा आणि विचारायचं हीच का निवडली. फक्त अधूनमधून हातचलाखी करून न निवडलेला फोटो द्यायचे. बहुतेकांच्या ते ध्यानातच आलं नाही! उलट ते कारणं सांगत बसले, हिचं हसणं आवडलं म्हणून, हिच्या कानातले आवडले म्हणून. ज्या बाईला खरं निवडलं होतं तिच्या कानात काही नव्हतंच. कुणी खोटं बोलत नव्हतं हो, मनापासून सांगत होते. आता विचार करा, असल्या मनात बाहेरचं कुणी येऊन बसलं तर त्याला आवाज बदलायची गरज काय? ढकलायचं तेवढं ढकलायचं, कारण माणूस स्वतःच तयार करतो.

म्हणजे तुमचा इंजिनिअर पृथ्वीकडं वळलेला अँटेना बंद करतो. कॅप्टन विचारते का बंद केला. तो चहा पिता पिता म्हणतो, "मोटर तापायलीय मॅडम, आज विश्रांती दिली नाही तर जळून जाईल आणि मग कायमचंच बसावं लागंल." किती शहाणं बोलणं आहे. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणतो बरोबर केलं त्यानं. तिसऱ्या दिवशी पायलट. प्रेक्षकालाच फक्त कळतंय की कारण दर वेळी चांगलं आहे आणि अँटेना मात्र बंदच आहे.

ढोरांचा_डॉक्टर (बीड)

लातूरकर सरांचं पटलं. त्यात माझी भर, कारण हे निसर्गात खरोखर चालतं. मेंढराच्या यकृतात राहणारा एक चपटा कृमी आहे, डायक्रोसीलियम. अंडी लेंड्यांतून बाहेर पडतात, गोगलगाय खाते, तिच्या चिकट बुळबुळीत गोळ्यांतून ती पिल्लं मुंगीच्या पोटात जातात. पोटात बरीच असतात पण एखादंच डोक्याकडं जाऊन बसतं. मग संध्याकाळी गारवा पडला की ती मुंगी वारुळात जायचं सोडून गवताच्या पात्यावर चढती, जबड्यानं पातं घट्ट धरती आणि रात्रभर तशीच लटकती. पहाटं मेंढरू चरायला आलं तर गवतासोबत पोटात, कृमीचं काम झालं. नाही आलं तर ऊन तापल्यावर मुंगी जबडा सोडती, खाली उतरती आणि दिवसभर बाकीच्या मुंग्यांसंग कामाला लागती, जसं काही झालंच नाही. संध्याकाळी पुन्हा वर.

तुमच्या जीवाला असा एक नियम द्या. काहीही करू शकणारा जीव असला की गोष्टीत दम राहत नाही, लोकांना वाटतं लेखकाच्या मनात येईल तसं चाललंय. यानात झोपायच्या वेळेला तापमान खाली आणतात असं धरा. गार झालं की ताबा, ऊब आली की माणूस मोकळा. सकाळी तोच पायलट हसतोय, लेकराचा फोटो दाखवतोय, आणि रात्री उठून त्यानंच काय केलं त्याला पत्ता नाही.

आणि मेंदूतच शिरायला पाहिजे असंही नाही. मुंग्यांना धरणारी एक बुरशी आहे, तिच्यावर २०१७ ला अभ्यास आला, बुरशीच्या पेशी मुंगीच्या सगळ्या अंगभर स्नायूंना वेढून बसलेल्या दिसल्या, मेंदूत मात्र शिरलेल्या नव्हत्या.

दुधनाकाठचा

डॉक्टरसाहेब, वाचून अंगावर काटा आला. गारव्याचा नियम घेतलाच समजा. लाइटवाल्याला सांगून रात्रीला निळा, दिवसाला पिवळा प्रकाश करता येईल, खर्च काही नाही. सर, चहा पिता पिता अँटेना बंद करणं तर उद्याच तालमीत करून बघतो.

फिजिक्स_मास्तर

माझं मत थोडं वेगळं आहे. जीव दाखवायच्या आधी हवा तपासा. कॅप्टन शिकलेली आहे ना, मग तिच्या डोक्यात पहिल्यांदा परग्रहावरचं कुणी येणारच नाही. अंतराळ स्थानकात कार्बन डायऑक्साइड आपल्या बाहेरच्या हवेच्या दहापट वगैरे असतो आणि अंतराळवीरांना त्यानं डोकेदुखी होते. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, त्यामुळं पंखा नसला तर झोपलेल्या माणसानं सोडलेला श्वास त्याच्याच तोंडाभोवती साचून राहतो. पंखे म्हणून चोवीस तास चालू. आणि पंख्याचंही एक प्रकरण आहे, इंग्लंडमध्ये विक टँडी नावाच्या इंजिनिअरला प्रयोगशाळेत उदास वाटायचं, अंगाला गार घाम, डोळ्याच्या कोपऱ्यात राखाडी आकृती दिसायची. शोधलं तर नवा बसवलेला पंखा, कानाला ऐकू न येणारी १९ हर्ट्झच्या आसपासची लहर. १९९८ ला त्यानं लेख लिहिला.

शिवाय मॉस्कोला २०१० ते २०११ मध्ये सहा जणांना ५२० दिवस नकली यानात कोंडून ठेवलं होतं, मंगळाची तयारी म्हणून. तिथं एकाचं शरीर २५ तासांच्या दिवसावर गेलं, म्हणजे हळूहळू तो बाकीचे झोपलेले असताना जागा आणि ते जागे असताना झोपलेला. असा माणूस बाकीच्यांना विचित्र वाटणारच. माझा आग्रह असा की शेवटपर्यंत ठरवूच नका, जीव आहे की नुसती हवा आणि एकटेपणा.

दुधनाकाठचा

सर, हवा तपासायचा प्रसंग घेतो, तो पाहिजेच. पण शेवटी संदिग्ध ठेवायला मन तयार नाही. लोक तिकीट काढून येणार, त्यांना आम्ही सांगितलंय आत कुणीतरी आहे, तर ते असलंच पाहिजे. कॅप्टन हवा तपासती, पंखे तपासती, सगळं चांगलं निघतं, आणि तिथून खरी भीती सुरू.

सीमेवरची_ताई (देगलूर)

मी आरोग्य विभागात गावोगाव फिरले आहे म्हणून लिहिते, थोडं मोठं होईल. तुमच्या नाटकातल्या माणसांना संशय आला की आपल्यातलं कुणीतरी ताब्यात आहे, तर पहिला संशय कुणावर जाईल याचा विचार केलाय का तुम्ही? मी सांगते. त्या भाजीपाल्याच्या खोलीतल्या बाईवर जाईल. ती वेगळी बसते, सगळे हो म्हणतात तिथं ती नाही म्हणते, रात्री एकटी जागते, एवढं पुरेसं असतं.

आपल्या भागात भानामती म्हणून काय काय झालं हे तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. घरावर दगड पडणं, दांडीवरचे कपडे पेटणं, बायका अंगात येऊन भुंकायला लागणं. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी जाऊन पाहिलेल्या प्रकरणांत मागं कुणाचा तरी हात निघाला, नाहीतर कुण्या सुनेच्या मनात साठलेलं, जे तिला तोंडानं बोलायची मुभाच नव्हती. पण तोवर गावानं कुणालातरी धरलेलं असायचं, हिनंच केलं म्हणून. तिला मारायचं, तोंडात नको ते घालायचं, गावाबाहेर काढायचं. डॉ. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला, आता असा ठपका ठेवून कुणाला छळणं गुन्हा आहे.

तुमचा जीव खरा आहे हे मान्य. पण तो खरा असला तरी माणसं चुकीच्या माणसाला धरणारच, आणि तेही त्या जीवाच्या सोयीचंच आहे. जी मोकळी आहे तिलाच बाकीचे कोंडून ठेवतील. कृपा करून तिला चटके देऊन वगैरे खरं-खोटं करायचा प्रसंग टाळ्यांसाठी घालू नका. घातलाच तर तो करणाऱ्यांची लाज प्रेक्षकाला वाटली पाहिजे. माझ्या डोळ्यासमोर अशा एका बाईचे हात आहेत, कोपरापर्यंत डागलेले, आणि डागणारे सगळे तिचे घरचेच होते, तिच्या भल्यासाठी करतोय म्हणत होते.

ढोरांचा_डॉक्टर (बीड)

ताई, नमस्कार तुम्हाला. आणि बघा, भाजीपाल्याची खोली रोपांसाठी उबदारच ठेवावी लागणार. म्हणजे गारव्याचा नियम धरला तर त्या खोलीत झोपणारी बाई एकटीच मोकळी राहती. तुमच्या नाटकात हे आधीच होतं, कुणाला दिसलं नव्हतं.

औंढेकर

मी लायगो-इंडियाच्या गावचा, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारं मोठं यंत्र, आमच्या औंढा नागनाथजवळ ते उभं राहायलंय, ४ किलोमीटरच्या दोन भुजा, २०२३ ला केंद्रानं २६०० कोटी मंजूर केले. त्यामुळं ह्या विषयाचं जरा जास्तच वाचतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, कोण ताब्यात आहे हे ओळखायचं कसं याचं, उत्तर मला तिथं सापडलं.

अमेरिकेतल्या लायगोवाल्यांनी २०१० च्या सप्टेंबरमध्ये स्वतःच्याच यंत्रात गुपचूप एक खोटा सिग्नल सोडला. मोजक्या दोन-चार लोकांना माहीत, बाकी शेकडो शास्त्रज्ञांना वाटलं अवकाशातून लहर आली. त्यांनी महिनोन् महिने हिशेब केले, शोधनिबंध लिहून तयार ठेवला, आणि २०११ च्या मार्चमध्ये बैठकीत पाकीट उघडलं, खोटा होता. आपली माणसं स्वतःला फसवत नाहीत ना हे तपासायला मुद्दाम केलेलं होतं ते. पुढं १४ सप्टेंबर २०१५ ला खरी लहर आली तेव्हा पहिल्यांदा हेच विचारलं गेलं की हा पण कुणी सोडलाय का.

तर 'दुधना'वर निघतानाच एक पाकीट द्या. आत लिहिलेलं, की अमुक दिवशी कॉम्प्युटर सांगेल तीन नंबरच्या टाकीला गळती आहे, ते खोटं आहे. एकालाच माहीत. गळती जाहीर झाली की जो मोकळा आहे तो जाऊन बघणार आणि म्हणणार, टाकी कोरडी ठणठणीत आहे, काही नाही. आणि जो ताब्यात आहे तो म्हणणार मी डोळ्यांनी पाणी बघितलं, हीटर बंद करा. कारण त्या जीवाला गारवाच पाहिजे, आयतं कारण सापडलं त्याला.

जुना_वाचक_लातूर

कल्पना भारी आहे, पण मी वर दिलेला प्रयोगच आडवा येतो. साधा मोकळा माणूससुद्धा नसलेले कानातले बघतो की. कॉम्प्युटरनं गळती म्हटल्यावर घाबरलेला माणूस ओल बघणारच. मग त्यालाही तुम्ही ताब्यात धरणार? ताई म्हणतात तेच होईल पुन्हा.

औंढेकर

सर बरोबर. मग तिथलीच दुसरी गोष्ट घ्या. लायगोची दोन यंत्रं एकमेकांपासून ३००० किलोमीटर लांब आहेत, दोन्हींनी वेगवेगळं बघावं म्हणून. इथं बोलायच्या आधी पाचही जणांनी वेगवेगळं कागदावर लिहायचं, काय बघितलं ते, कुणी कुणाशी बोलायचं नाही. घाबरलेला माणूस स्वतःच्या मनानं बघतो ना, तर तो स्वतःच्या शब्दांत लिहिणार, एकजण लिहील ओल आहे, दुसरा लिहील थेंब दिसला. पण तिघांच्या आत एकच मन बसलं असंल तर?

दुधनाकाठचा

तर तीन कागदांवर एकच वाक्य निघंल. काना-मात्रेचाही फरक नाही.

मंडळी, हातातला वडापाव बाजूला ठेवून लिहायलो हे. कॅप्टन एकेक कागद मोठ्यानं वाचती. पहिला. दुसरा, तेच वाक्य. तिसरा वाचायला घेती तवर प्रेक्षकच मनात म्हणायला लागतो. ज्यांनी लिहिलंय ते तिघं एकमेकांकडं बघतात, त्यांनाही आत्ताच कळतंय, आणि तेच सगळ्यात जास्त घाबरतात. ह्यात कुणाला डोळे फिरवायची गरज नाही.

आता एवढंच राहिलं, पाकीट कुणाकडं ठेवायचं? कॅप्टनकडं ठेवलं आणि तिचाच ताबा घेतला तर त्या जीवाला सगळंच कळंल.

सीमेवरची_ताई (देगलूर)

भाजीपाल्याच्या बाईकडं ठेवा. बाकीच्यांनी तिला कोंडलं तेव्हाही ते तिच्याजवळच होतं, आणि उघडायची तारीख अजून आलेली नसल्यामुळं ती मार खाऊनही बोलली नाही.

दुधनाकाठचा

ताई, घेतलं. ती भूमिका करणाऱ्या मुलीला आत्ता तीनच वाक्यं आहेत, आज रात्री बसून पुन्हा लिहितो. परवा तालीम आहे, तीन कागदांचा प्रसंग करून बघतो आणि इथंच कळवतो.