मदत हवी आहे: रिव्हर्स कॅमेरा कोणता घ्यावा? पडद्यावर नुसतं काळं येतंय

मांजराकाठ (सोमवार, रात्री ९:१०)
राम राम मंडळी. गाडीला रिव्हर्स कॅमेरा पाहिजे, कोणता चांगला? ऑनलाईन एक मागवला तर तो चालंना. रिव्हर्स टाकला की काहीच होत नाही, पडदा काळाच्या काळा. परत करायला उद्याचा शेवटचा दिवस आहे. परवा लातूरच्या मोंढ्यात मागं घेताना एका हातगाडीचं चाक मोडलं, १२०० रुपये मोजले वर शिव्या फुकट. नेमकं एकच नाव सांगा, दहा नको. लवकर.

स्टेपनी (९:२२)
गाडी कोणती?

परभणीकर_वायरलेस (९:२५)
कोणताही घ्या पण वायरलेस घ्या. माझ्या कारला मी स्वतः बसवला, अर्ध्या तासात काम खल्लास. डिकीपासून डॅशबोर्डपर्यंत वायर ओढायची, पत्रे खोलायची कटकटच नाही.

फ्यूजगेला (९:३३)
वायरलेसच्या नादी लागू नका. वायरलेस म्हणजे फक्त चित्राची वायर नाही. कॅमेऱ्याला करंट तरी वायरनंच द्यावा लागतो ना? स्वस्तातले बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे वायफाय आणि ब्लूटूथच्याच पट्ट्यात. गर्दीत चित्र फाटतं, थांबतं, आणि थांबलेलं चित्र बघून माणूस मागं येतो. काळा पडदा त्यापेक्षा बरा.

मालक, गाडी सांगा. कारचं वेगळं, पिकअपचं वेगळं, दहा टायरचं तर सगळंच वेगळं.

मांजराकाठ (९:४०)
पिकअप आहे हो. मोंढा म्हणलं ना वर, मग कार कशी असंल.

स्टेपनी (९:४१)
मोंढ्यात फॉर्च्युनर घेऊन येणारे पण बघितलेत आम्ही.

दहा_टायर (९:५८)
२२ वर्षं ट्रक चालवला, कॅमेरा माहीत नव्हता. किन्नर म्हणजे गाडीवरचा क्लीनर खाली उतरवायचा, तो मागं हात मारत "येऊ द्या, येऊ द्या, बाऽस" म्हणणार. त्याच्यासारखा कॅमेरा अजून निघाला नाही. आजकालच्या पोरांना मान वळवायचा कंटाळा.

फ्यूजगेला (१०:०४)
काका, तुमचा किन्नर मोबाईल बघत नव्हता. आताचा बघतो.

दहा_टायर (१०:१०)
ते खरं आहे. गेल्या वर्षी मालकानं कॅमेरा बसवून घेतला. पहिला तर जोडल्या जोडल्या जळाला. कारवाल्याच्या दुकानातून आणला होता, तो १२ व्होल्टचा, आमच्या गाडीत २४. दुसरा आणला त्यावर १२ ते २४ लिहिलेलं होतं, तो चालतोय. त्याचं केबल पण जाड, चार पिनचं, आटे फिरवून बसणारं. कारचं पिवळं टोक ट्रकच्या हादऱ्यानं निसटतं. तर पिकअपवाल्या भाऊ, तुझी १२ व्होल्ट आहे, जळायची भीती नाही.

मूळगाव_उदगीर (१०:१५)
इकडे अमेरिकेत मे २०१८ पासून प्रत्येक नव्या कारला कॅमेरा कंपनीतूनच बसवून द्यावा लागतो. आपल्याकडे कधी होणार असं?

स्टेपनी (१०:१९)
आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या कारला मागचे सेन्सर सक्तीचे झाले. कॅमेरा नाही. पण या दोन्हींचा त्यांच्या पिकअपशी संबंध काय?

परभणीकर_वायरलेस (१०:२२)
सेन्सर तर कॅमेऱ्यापेक्षा भारी. पीं पीं पीं, मान वर करायची गरजच नाही.

फ्यूजगेला (१०:३०)
सेन्सरला बारीक खांब, ताणलेली तार, बुटका दगड धड कळत नाही. हौद्याच्या मागच्या उघड्या फाळक्याला तो भिंत समजतो आणि ओरडत बसतो. पिकअपला सेन्सर म्हणजे दिवसभर पीं पीं.

मांजराकाठ, तुमच्याकडचा पडदा कोणता? गाण्याच्या टेपमधला का वेगळा चिकटवलेला? कॅमेऱ्याच्या डब्यावर एएचडी (जास्त स्पष्ट चित्राचा प्रकार) लिहिलंय का? कॅमेरा एएचडीचा आणि पडदा जुन्या सीव्हीबीएस पद्धतीच्या सिग्नलचा असला तर चित्र येत नाही किंवा आडव्या पट्ट्या पळतात. अँड्रॉइड टेप असंल तर सेटिंगमध्ये कॅमेऱ्याचा प्रकार बदलता येतो, तिथं ७२० आणि १०८० असे पर्याय असतात. आणि कॅमेऱ्याची करंटची लाल वायर कुठं जोडली ते सांगा.

मांजराकाठ (१०:४४)
टेपमधलाच पडदा, अँड्रॉइड. वायर बरोबर जोडली, पुस्तिकेत चित्र आहे तसंच. ते राहू द्या. घरी ट्रॅक्टर पण आहे. एकच कॅमेरा काढून-घालून दोन्हीला चालंल का? थोरला भाऊ म्हणायलाय की पैसे तुझ्या एकट्याच्या गाडीत कामून घालायचे.

काळीमाती (१०:५५)
ट्रॅक्टरला कशाला कॅमेरा? बसल्या जागी सगळं दिसतंय की.

ऊसवाला_अंबाजोगाई (११:०६)
नुसत्या ट्रॅक्टरवर दिसतं. ट्रॉली लावल्यावर दिसत नाही. मी हा खेळ खेळून बसलोय म्हणून सांगतो. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर कॅमेरा लावला. मोकळ्या ट्रॉलीत झकास. ऊस भरला की टोकं हातभर बाहेर, पडद्यावर वाढ्यांशिवाय काही नाही. कारखान्यावर रांगेत उभा होतो, मागचा म्हणाला कॅमेरा उसाचा फोटो काढायला लावलाय का. दोन ट्रॉल्या असल्या तर विषयच संपला, तशा मागं घ्यायला जाऊच नये.

नंतर तोच काढून ट्रॅक्टरच्या मागं हुकाकडं तोंड करून बसवला. आता ट्रॉली जोडताना खाली उतरावं लागत नाही, एकटा माणूस पिनच्या भोकात भोक बरोबर आणतो. माझ्या मते ट्रॅक्टरला कॅमेऱ्याचा एवढाच उपयोग, पण तो लई मोठा आहे. एकाचा अंगठा वाचला तरी पैसे फिटले.

फ्यूजगेला (११:१५)
यांचं ऐका. एक भर घालतो: बहुतेक ट्रॅक्टरला रिव्हर्स लाईटच नसतो, त्यामुळं कॅमेरा आपोआप सुरू होत नाही. चावीच्या लाईनवरून बारका फ्यूज टाकून वेगळं बटण द्या. काढ-घाल करायचं म्हणलं तर टोकं खराब होतात, चिखल जातो. दोन गाड्यांना दोन घ्या.

काळीमाती (११:२०)
मांजराकाठ, मोंढ्यात सोयाबीनला काय भाव लागला?

मांजराकाठ (११:२३)
ओल निघाली म्हणून पाडूनच मागितलं. माघारी आणलं.

काळीमाती (११:२५)
आमच्याकडं पण ओलीचंच कारण. चार दिवस ऊन दाखवा मग न्या.

स्टेपनी (११:२६)
बाजारभावाचा धागा वेगळा आहे. तिकडं जा दोघं.

फ्यूजगेला (११:३१)
दुसऱ्यांदा विचारतो. लाल वायर कुठं जोडली?

मांजराकाठ (११:३८)
मागं रिव्हर्स लाईटच्या वायरला. पुस्तिकेत तसंच आहे म्हणलं ना. तो लाईट तसा दोन वर्षं झाले लागतच नाही, पण त्याचा कॅमेऱ्याशी काय संबंध?

स्टेपनी (११:३९)
😂

दहा_टायर (११:४२)
अरे देवा.

फ्यूजगेला (११:५०)
मालक, त्याचाच तर संबंध. कॅमेऱ्याला करंट त्या लाईटच्या वायरीतून येतो, आणि "मागं चाललोय, चित्र दाखव" हा निरोप टेपला त्याच लाईनवरून जातो. लाईटला करंट नाही म्हणजे कॅमेरा पण झोपलेला आणि टेप पण. तुमचा कॅमेरा बहुतेक चांगला आहे, परत करायची घाई करू नका.

सकाळी एवढं करा. कॅमेऱ्याची लाल वायर लाईटपासून सोडवा, फ्यूज लावून थेट बॅटरीच्या प्लसला धरा, काळी बॉडीला. टेपच्या रिव्हर्सच्या वायरला पण तसाच करंट द्या. चित्र आलं तर कॅमेरा ठीक. मग लाईटचा बल्ब बघा. बल्ब चांगला असंल तर गिअरबॉक्सवर रिव्हर्सचा स्विच असतो, दोन वायरींचा. त्याचा सॉकेट काढून चावी ऑन करा आणि दोन्ही टोकं तारेच्या तुकड्यानं जोडा. लाईट लागला की स्विच गेलेला.

परभणीकर_वायरलेस (११:५५)
वायरलेस घेतला असता तर ही वेळच आली नसती.

फ्यूजगेला (११:५६)
तो पण त्याच लाईटला जोडतात हो!

मांजराकाठ (मंगळवार, सकाळी ८:३५)
आलं चित्र!! बॅटरीला धरल्या धरल्या. पण उलटं दिसायलंय. भाचा डाव्या बाजूला उभा केला तर पडद्यात उजवीकडं. हा पण फॉल्ट का? परत करू का?

फ्यूजगेला (८:४८)
नका करू. मागच्या कॅमेऱ्याचं चित्र आरशासारखं लागतं, म्हणजे डावं ते डावीकडंच. तुमचा आता पुढच्या कॅमेऱ्याच्या पद्धतीवर आहे. कॅमेऱ्याजवळ वायरीचे बारके गोल फास दिसतील, बहुतेक वेळा एक आरशाचा आणि एक पार्किंगच्या रेघांचा. कोणता कशाचा ते पुस्तिकेत बघून मगच कापा. रेघांवर विसंबू नका, त्या कारच्या उंचीच्या हिशोबानं असतात, पिकअपवर अंतर चुकीचं दाखवतात. घरासमोर चुना टाकून एक मीटर, दोन मीटर स्वतः मोजून ठेवा.

दहा_टायर (९:०५)
बसवला कुठं ते पण विचारा याला. हा सांगायचा नाही आपणहून.

मांजराकाठ (९:१२)
फाळक्यावर, मधोमध.

दहा_टायर (९:२०)
वाटलंच. फाळका उघडून लांब माल भरला की कॅमेरा जमिनीकडं बघणार. आणि हमाल फाळका असा सोडतात की आठ दिवसात काच फुटंल. नंबरप्लेटपाशी पण नको, उघडा फाळका लोंबून तिथं झाकण बसतं. हौद्याच्या कोपऱ्यात, टेललाईटच्या वर, पत्र्याला पट्टी मारून आत वाकवून बसव. बंपरची कड पडद्यात खाली दिसली पाहिजे. कड दिसली नाही तर अंतर कळत नाही, मग तुझी हातगाडी पुन्हा आहेच.

ऊसवाला_अंबाजोगाई (९:३०)
आणि डब्यावर आयपी६७ का आयपी६९के ते बघा, पाणी-धूळ किती सोसतो त्याचा तो आकडा. ६७ म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी चालतो. पण सर्व्हिसिंगवाला प्रेशरचा पाईप जवळून मारतो त्याला ६९के लागतो. नसंल तर धुताना हात आडवा धरायचा. माझा पहिला असाच धुऊन गेला.

मांजराकाठ (सायंकाळी ७:१५)
स्विचच गेलेला निघाला. मिस्त्रीनं बदलला, मजुरी धरून ४०० घेतले. रिव्हर्स टाकला की लाईट लागतोय, चित्र येतंय, आरशाचा फास कापला, कोपऱ्यात बसवला. गंजगोलाईच्या गल्लीत घालून मागं काढून बघितलं, एकाला पण लागलं नाही. सगळ्यांचे आभार.

आता थोरला भाऊ म्हणायलाय, पिकअपला तर लाईट आला, मागचं दिसतंय, मग तो कॅमेरा ट्रॅक्टरला दे.

फ्यूजगेला (७:२१)
भावाला इकडं पाठवा. ट्रॅक्टर कोणता ते त्यांनाच विचारतो.