एटा जेम्स ऐकायची तर पुढे काय ऐकू?

पाऊसवेडी:
मागच्या महिन्यात मावसभावाच्या लग्नाला न्यू जर्सीला गेले होते. सकाळी सप्तपदी आणि संध्याकाळी हॉलमध्ये नवरानवरीचा डान्स. तेव्हा लावलेलं गाणं डोक्यातून जातच नाहीये. भाऊ म्हणाला, एटा जेम्सचं 'ॲट लास्ट'. व्हायोलिन ओसरतात आणि ती पहिलाच शब्द असा काही लांबवते की अंगावर काटा येतो. ही बाई कोण होती? मी थोडं हिंदुस्तानी शिकलेय, पण ब्लूज, सोल यातलं काहीच माहीत नाही.

सदाशिव_पेठी:
गाणं मुळात तिचं नाही. हॅरी वॉरनची चाल, १९४१च्या सुमाराची. ग्लेन मिलरच्या बँडनं ते आधी वाजवलं. एटानं १९६०मध्ये गायलं आणि तिचंच होऊन बसलं. बाकी जुनी_तबकडी सांगतील.

जुनी_तबकडी:
पाऊसवेडी, आपल्याकडे बेंबीच्या देठापासून गायला सांगतात ना? एटाला ते लहानपणी छातीवर ठोसे मारून शिकवलं गेलं. लॉस एंजेलिसच्या सेंट पॉल बॅप्टिस्ट चर्चमध्ये जेम्स अर्ल हाइन्स तिला शिकवायचे, ती त्यांची पद्धत. तिचं खरं नाव जेमसेटा हॉकिन्स, जन्म २५ जानेवारी १९३८चा. आई तेव्हा चौदा वर्षांची, त्यामुळे पोर दुसऱ्यांच्या घरी वाढली. त्या घरातला माणूस पत्त्यांचा डाव मांडून प्यायला बसायचा आणि अपरात्री पोरीला झोपेतून उठवून, मारून, मित्रांसमोर गायला लावायचा. मोठेपणीही कुणी 'जरा गाऊन दाखव' म्हटलं की तिला ते नकोसं व्हायचं. तिचं गाणं ऐकताना ती झोपेतून उठवलेली मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत बँडमास्टर जॉनी ओटिसनं तिला ऐकलं. आईची परवानगी हवी होती, ती चिठ्ठी पोरीनं स्वतःच लिहिली. ओटिसनं तिच्या नावाचे दोन तुकडे उलटे लावले आणि एटा जेम्स झाली. सोळाव्या वर्षी 'रोल विथ मी हेन्री' रेकॉर्ड केलं आणि ते १९५५मध्ये आर अँड बीच्या (रिदम अँड ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताच्या) यादीत पहिलं आलं. पण त्यातला 'रोल' गोऱ्यांच्या रेडिओला चावट वाटला. जॉर्जिया गिब्ज या गोऱ्या गायिकेनं त्या जागी 'डान्स' घालून तेच गाणं म्हटलं आणि ते देशभर गाजलं. मला अजून याचा राग येतो.

१९६०मध्ये ती शिकागोच्या चेस या रेकॉर्ड कंपनीत आली. मी शिकागोत आठ वर्षं होते. साउथ मिशिगन ॲव्हेन्यूवर २१२० नंबरची ती दुमजली इमारत आहे, चालत गेलात तर नजर चुकेल इतकी साधी. स्टुडिओ वरच्या मजल्यावर. जिना चढून त्या खोलीत गेले तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती उभी राहिले. कंपनीचा मालक लेनर्ड चेसला तिचे रेकॉर्ड पॉपच्या गिऱ्हाइकापर्यंत न्यायचे होते, म्हणून रायली हॅम्प्टनकडून व्हायोलिनचा तो साज करून घेतला. 'ॲट लास्ट'मध्ये तुम्ही ऐकताय तो तोच.

आता व्हायोलिन बाजूला ठेवा आणि 'आय'ड रादर गो ब्लाइंड' ऐका. १९६७, अलाबामातला मसल शोल्सचा फेम स्टुडिओ. अख्ख्या गाण्यात दोनच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गट, आहेत, ऑर्गन आणि ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) त्यावर संथ झुलत राहतात. एकाच स्वराला ती दर वेळी वेगळ्या बाजूनं जाते, कधी खालून घासून, कधी आवाज फाटू देऊन. आपण मींड म्हणू, स्वरावरून स्वरावर घसरत जाणं, पण इथे ती रडू आवरल्यासारखी येते. लेनर्ड चेसनं हे ऐकलं आणि डोळे पुसत खोलीबाहेर गेला, असं तिनं आत्मचरित्रात लिहिलंय. एलिंग्टन जॉर्डननं ते तुरुंगात लिहायला घेतलं होतं, भेटायला गेलेल्या एटानं पुरं करायला मदत केली. कराच्या भानगडीमुळे आपला वाटा तिनं तेव्हाच्या जोडीदाराच्या नावावर टाकला. इतक्या मोठ्या गाण्यावर तिचं नाव नव्हतं!

पाऊसवेडी:
रात्री दिवा मालवून ऐकलं. दोन कॉर्डचं तुम्ही सांगितलं नसतं तर लक्षातही आलं नसतं. पुढे तिचं नीट झालं का हो?

जुनी_तबकडी:
लवकर नाही. हेरॉइननं तिला वर्षानुवर्षं सोडलं नाही. १९७२मध्ये टेक्ससात दोघं पकडले गेले, तेव्हा नवरा आर्टिस मिल्सनं सगळं स्वतःवर घेतलं आणि कित्येक वर्षं तुरुंगात काढली. तो सुटल्यावर दोघं शेवटपर्यंत एकत्र राहिले. १९७४मध्ये न्यायाधीशानं तिला तुरुंगाऐवजी उपचार केंद्रात पाठवलं, सतरा महिने. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात ती गायली. जॅझ गायिका बिली हॉलिडेची गाणी गायलेल्या अल्बमला तिला ग्रॅमी मिळालं, तेव्हा ती सत्तावन्न वर्षांची होती. २० जानेवारी २०१२ला गेली. तीनच दिवस आधी जॉनी ओटिस गेला होता.

तुम्ही आता 'एटा जेम्स रॉक्स द हाउस' लावा. १९६३, नॅशव्हिलचा एक क्लब, समोर माणसं. व्हायोलिन एकही नाही. ती गुरगुरते, लोक ओरडून उत्तर देतात, आणि ती आणखी वर चढते. हेडफोन लावूनच ऐका, आणि कसं वाटलं ते इथे नक्की लिहा.