सप्लायर बदलल्यावर स्मार्ट मीटर गप्प का बसतो?

स्लाऊकर

काल इथे एकाने लिहिलं, "इंग्लंडात वीज-गॅसचा सप्लायर बदलणं म्हणजे दहा मिनिटांचा फॉर्म. पाच दिवसांत काम होतं. स्मार्ट मीटर असेल तर रीडिंगचीही कटकट नाही. जे बदलत नाहीत ते आळशी." फॉर्म दहा मिनिटांचा आहे, मान्य. २०२२ च्या उन्हाळ्यापासून कामाच्या पाच दिवसांत सप्लायर बदलतो, तेही मान्य. पण रीडिंगची कटकट नाही हे वाचून आणि 'आळशी' हा शब्द वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे २०१६ मध्ये वीज आणि गॅस दोन्हींचे स्मार्ट मीटर, म्हणजे रीडिंग आपोआप कंपनीला पाठवणारे, बसले. बसवायला आलेल्या माणसाने डिस्प्ले ओट्यावर ठेवला, किटली लावून आकडा कसा उडी मारतो ते दाखवलं. दोन वर्षं सगळं छान चाललं. २०१८ च्या ऑक्टोबरात स्वस्त पडतं म्हणून सप्लायर बदलला. पंधरा दिवसांत डिस्प्लेवरचा गॅसचा रकाना कोरा झाला, विजेला मात्र जुन्याच कंपनीचा दर दिसत राहिला. नव्या कंपनीला फोन केला तर म्हणाले, तुमचा मीटर आम्हाला वाचता येत नाही, दर महिन्याला रीडिंग तुम्हीच कळवा. जुन्या कंपनीला केला तर म्हणाले, तुम्ही आता आमचे ग्राहक नाही.

डिसेंबरात वडील आजारी म्हणून साताऱ्याला गेलो. अडीच महिने घर बंद होतं. रीडिंग कोण कळवणार? त्यांनी मागच्या हिवाळ्याच्या वापरावरून अंदाजे बिल लावलं. जिथे हीटिंगच लागलं नाही त्या घराचं बिल ४१२ पौंड, वर डायरेक्ट डेबिट परस्पर वाढवलेलं. वडील आयसीयूत, आणि मी बाहेरच्या बाकड्यावर बसून कंपनीला ईमेल लिहितोय. ते पैसे खात्यात परत यायला जून उजाडला.

मीटर मी निवडला नव्हता. तो कुठल्या पिढीचा आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तो गप्प बसल्यावर जिन्याखाली वाकून, टॉर्च धरून आकडे वाचायचं काम मात्र माझं. यात आळस कुठे आला?

रीडिंगचा अभियंता

अकरा वर्षं मीटरच्याच कामात आहे. तुमचं खोटं म्हणत नाही, पण २०१८ ची गोष्ट आज सांगून लोकांना घाबरवू नका.

तुमचे मीटर पहिल्या पिढीचे, स्मेट्स-१. तेव्हा प्रत्येक सप्लायरने आपापली संपर्क यंत्रणा लावली होती. सप्लायर बदलला की नव्याला त्या यंत्रणेत शिरकाव नसायचा. मीटर मोजायचा, पण आकडा पोचत नसे. सगळ्यांसाठी एकच जाळं, म्हणजे डीसीसी, नोव्हेंबर २०१६ मध्ये चालू झालं. दुसऱ्या पिढीचे मीटर पहिल्यापासून त्यावरच आहेत, आणि पहिल्या पिढीचे २०१९ पासून हळूहळू त्यावर आणले. आज दुसऱ्या पिढीचा मीटर असलेल्या माणसाने बिनधास्त सप्लायर बदलावा. मी स्वतः तीनदा बदललाय, एकदाही रीडिंग द्यावं लागलं नाही.

लेस्टरची काकू

अभियंता, तुम्ही बदललात म्हणून बदलला. आम्ही बदललाच नव्हता. २०२१ च्या शरद ऋतूत आमची कंपनीच बुडाली. त्या हिवाळ्यात पंचविसाहून जास्त सप्लायर बुडाले, आठवतंय ना? ऑफजेमने, म्हणजे वीज-गॅसच्या सरकारी नियामकाने, आम्हाला परस्पर दुसऱ्या कंपनीकडे दिलं. आम्हाला कोणी विचारलं नाही. आणि आमचा मीटर २०२० मधला, तुमच्या त्या दुसऱ्या पिढीचा. तरी पाच महिने गप्प होता.

त्या डिस्प्लेमुळे घरात काय चालायचं ते सांगते. आमच्या ह्यांना त्या डब्याकडे बघायची सवय लागलेली. तांबडा दिवा लागला की हीटिंग बंद. मी आणि सासूबाई शाली गुंडाळून बसायचो. कंपनी बदलली, दर चढले, पण डबा जुनाच दर दाखवत राहिला. हे समजायचे आज फार खर्च नाही. मार्चात बिल आलं तेव्हा हे अर्धा तास काही बोललेच नाहीत. त्या पैशांपेक्षा मला आजही लागतं ते हे, की सासूबाई पहिले दोन महिने थंडीत बसल्या त्या एका आकड्यापायी, आणि पुढे तो आकडा खोटाच निघाला.

रीडिंगचा अभियंता

काकू, वाईट वाटलं वाचून. पण मीटर खोटं मोजत नव्हता, डिस्प्लेवरचा दर जुना होता. सप्लायर बदलला की नव्याने मीटरमधल्या सुरक्षेच्या चाव्या बदलून स्वतःच्या घालायच्या असतात आणि मग स्वतःचा दर पाठवायचा असतो. हे काम दुरून होतं. ते केलं नाही तर मीटर जुन्याच मालकाला ओळखत राहतो. एका रात्रीत लाखो ग्राहक अंगावर आलेल्या कंपनीकडून ते राहून गेलं असणार.

शंकासुर

"राहून गेलं असणार." किती सहज लिहिलंत! सरकारचेच आकडे आहेत: २०२३ च्या अखेरीस ब्रिटनमधले जवळजवळ ४० लाख स्मार्ट मीटर स्मार्टपणे चालत नव्हते. एकूण साधारण साडेतीन कोटी होते. म्हणजे नऊ-दहातला एक. इतक्या घरांत "राहून गेलं"? घरोघरी हे मीटर बसवायचा वायदा आधी २०१९ चा, मग २०२०, मग २०२४, मग २०२५. आणि हा खर्च शेवटी आपल्याच बिलातून जातो.

रीडिंगचा अभियंता

त्या ४० लाखांत सगळेच सप्लायर बदललेले नाहीत. सिग्नलचा प्रश्न आहे. मीटर लोखंडी कपाटात, तळघरात, दोन फुटी दगडी भिंतीआड. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये लांब पल्ल्याचं रेडिओ जाळं आहे, दक्षिणेत मोबाइलचं. गॅसचा मीटर तर बॅटरीवर चालतो. अर्ध्या तासाने जागा होतो, विजेच्या मीटरवरच्या हबला, म्हणजे आकडे पुढे पाठवणाऱ्या डबीला, आकडा देतो आणि झोपतो. दोघांत अंतर जास्त असलं की गॅस गायब. सगळ्याचं खापर सप्लायर बदलण्यावर फोडू नका.

गावाकडचा

तुम्हा लोकांचं वाचून नवल वाटतं. तुम्हाला बदलता तरी येतं. आमच्याकडे महाराष्ट्रात एकच कंपनी, एकच वायर, एकच बिल. मागच्या वर्षी आम्ही घरात नसताना वायरमन आले आणि जुना मीटर काढून नवीन लावून गेले. आई एकटी होती, तिला सही कर म्हणाले. आधी बिल अकराशेच्या आसपास यायचं, पुढचं आलं तेवीसशे. पंखे तेच, फ्रिज तोच. मीटर पळतोय, दुसरं काय? जून २०२४ मध्ये ऊर्जामंत्र्यांनी सांगितलं होतं की सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर लावणार नाही. आता नाव बदलून टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर लावणारा, मीटर म्हणतात.

रीडिंगचा अभियंता

नाव बदललं एवढंच नाही. हा प्रीपेड नाही, बिल महिन्याच्या शेवटीच येतं. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वापराला २०२५ मध्ये युनिटमागे ८० पैसे सवलतही सुरू झाली. बिल दुप्पट झालं याचा अर्थ मीटर पळतो असा होत नाही. १०० युनिटांच्या वर गेलं की पुढच्या युनिटांचा दर जवळजवळ दुप्पट लागतो. जुना चकतीचा मीटर म्हातारा होऊन मंद चालत असेल तर आधीचीच बिलं कमी येत होती. युनिट किती होते ते सांगा.

गावाकडचा

परदेशात बसून माझ्या आईला युनिट शिकवू नका. म्हणजे आम्ही इतकी वर्षं वीज चोरत होतो का?

रीडिंगचा अभियंता

मी चोरी हा शब्द वापरलेला नाही.

गावाकडचा

मंद मीटर म्हणजे दुसरं काय? सवलत नऊ ते पाच. नऊ ते पाच घरात असतं कोण? आई शेतावर, मी नोकरीवर. वीज लागते ती संध्याकाळी.

बोरिवलीकर

एक दुरुस्ती. महाराष्ट्रात सगळीकडे एकच कंपनी नाही. मुंबई उपनगरात निवड आहे. जुलै २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरच्या बाजूने निकाल दिला आणि ऑक्टोबर २००९ मध्ये राज्य वीज आयोगाने दुसऱ्याच्या तारांवरून वीज घ्यायची सोय केली. आमच्या सोसायटीत निम्मे टाटाकडे गेले, निम्मे राहिले. मग दर असे फिरले की गेलेले परतायला लागले. मी गेलो आणि दोन वर्षांनी परत आलो. दोन्ही वेळी मीटर काढून दुसरा लावला, दोन्ही वेळी शेवटच्या रीडिंगवरून वाद झाला. दुसऱ्या वेळी माझ्याकडे फोटो होता, म्हणून जिंकलो. तेव्हा स्लाऊकरांचं दुखणं नवीन नाही.

आणि गावाकडचे दादा, रागावू नका. चेक मीटरची मागणी लेखी करा. आता बसवलेल्या मीटरशेजारी दुसरा लावून काही दिवस तुलना करतात. तोंडी सांगितलेलं कोणी ऐकत नाही.

गावाकडचा

अर्ज फेब्रुवारीत दिलाय. पोच आहे. माणूस अजून आलेला नाही. (युनिट आधी ११८, नंतर २०४. विचारलं होतं म्हणून सांगितलं.)

रीडिंगचा अभियंता

८६ युनिटांचा फरक नुसत्या मंद मीटरने पडणार नाही. हे मी मानतो. चेक मीटर लागलाच पाहिजे.

शंकासुर

चला, अभियंत्यांनी एक गोष्ट मानली. तारीख लिहून ठेवतो.

मँचेस्टरवासी

मूळ विषयावर येतो, कारण माझं प्रकरण या सगळ्याहून वेगळं आहे. माझा मीटर बोलत होता. रोज बोलत होता. तरीही बिल चुकत होतं.

आमचा जुना गॅस मीटर घनफुटांचा होता. स्मार्ट मीटर घनमीटरचा बसला. सहा महिन्यांनी सप्लायर बदलला. मध्यवर्ती नोंदीत आमचा मीटर घनफुटांचाच राहिला होता, नव्या कंपनीने तीच नोंद उचलली. शंभर घनफूट म्हणजे २.८३ घनमीटर. म्हणजे माझं प्रत्येक युनिट २.८३ ने गुणलं जात होतं. आठ महिने! मी फोन केला की उत्तर एकच: "रीडिंग थेट मीटरवरून येतंय, चूक असूच शकत नाही." जुना मीटर असता तर कोणीतरी येऊन बघितला असता. शेवटी मी बिलावरचा रूपांतराचा हिशोब छापून, हाताने पुन्हा मांडून पाठवला. आठ आठवडे थांबलो आणि लवादाकडे, म्हणजे एनर्जी ओम्बड्समनकडे गेलो. पैसे मिळाले. पण माझ्या जागी गणिताची भीती असलेलं कोणी असतं तर?

लेस्टरची काकू

माझ्या जाऊबाईचं गॅसचं बिल असंच येतंय! ते घनफूट-घनमीटर बिलावर कुठे लिहिलेलं असतं?

मँचेस्टरवासी

काकू, मागच्या पानावर गॅसचा हिशोब असतो. तिथे २.८३ हा गुणाकार दिसला आणि मीटरच्या तोंडावर एम-क्यूब, म्हणजे घनमीटर, लिहिलेलं असलं, तर घोटाळा आहे. दोन्हींचे फोटो पाठवायला सांगा.

रीडिंगचा अभियंता

हे बरोबर आहे आणि हे गंभीर आहे. यात मीटरचा दोष नाही, नोंदीचा आहे. पण ग्राहकाला त्या फरकाशी काय करायचंय, हेही खरं.

आणखी एक. मीटर गप्प राहिल्यामुळे कंपनीने दोन-तीन वर्षांनी मोठं बिल काढलं, तर बारा महिन्यांपूर्वीच्या वापराचे पैसे मागता येत नाहीत. मे २०१८ पासून हा नियम आहे. तुम्ही रीडिंग द्यायला अडवणूक केली असेल तर मात्र तो लागू होत नाही. म्हणून फोटो काढत जा. सप्लायर बदलायच्या दिवशी वीज आणि गॅस, दोन्हींचा. डिस्प्लेचा नाही, मीटरचा.

स्लाऊकर

हेच तर मी पहिल्या वेळी म्हणालो! कटकट आहे, आणि ती आपणच करायची आहे.

रीडिंगचा अभियंता

महिन्यातून एक फोटो ही कटकट असेल तर आहे. त्यासाठी वर्षाला शंभर-दीडशे पौंड सोडून देऊ नका, एवढंच माझं म्हणणं. तुमचे मीटर आज चालतात का, ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

स्लाऊकर

विजेचा चालतो. २०२१ मध्ये आपोआप चालू झाला, ते तुमचं डीसीसीचं म्हणणं खरं आहे. आधी लिहायला हवं होतं. गॅसचा अजून नाही. कंपनी म्हणते हबपासून लांब आहे. २०१६ मध्ये तोच मीटर त्याच भिंतीवर होता आणि चालत होता, मग आता लांब कसा झाला, याची तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळी उत्तरं दिली.

मंगळवारी सकाळी आठ ते बारा चौथा माणूस येणार आहे. सुट्टी टाकली आहे. काय म्हणतो ते इथेच लिहितो.