हडपसर–दौंड शटल: ‘पाथ शिल्लक नाही’ या उत्तरापुढे काय मागायचं?

यवतकर:
आमच्या प्रवासी गटाला रेल्वेच्या पुणे विभागाला निवेदन द्यायचं आहे. हडपसर ते दौंड दर तासाला मेमू (विजेवर धावणारी लोकल) शटल हवी. थांबे सगळे: मांजरी बुद्रुक, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव, केडगाव, कडेठाण, पाटस. मार्ग दुहेरी आहे, वर विजेची तार आहे, लोणीला तेलाच्या रेकसाठी (रेक म्हणजे डब्यांचा किंवा वाघिणींचा पूर्ण संच) साइडिंग, म्हणजे मालासाठीचा बाजूचा रूळ, आहे. तरी अशा मागणीला ठरलेलं उत्तर मिळतं: मालगाड्यांमुळे पाथ, म्हणजे वेळापत्रकात गाडीसाठी मोकळी जागा, शिल्लक नाही. हे तपासायचं कसं? आणि मालगाड्यांच्या लूप (मागच्या गाडीला वाट देण्यासाठी स्टेशनात बाजूला घ्यायचे रूळ), साइडिंग प्रवासी गाडीला वापरता येतात का?

मास्टरचार्ट:
आधी क्षमतेचा हिशेब समजून घ्या. रेल्वे त्यासाठी स्कॉटचं सूत्र वापरते. दिवसाची १४४० मिनिटं घ्यायची. सर्वांत अडचणीच्या ब्लॉक सेक्शनमधून (एका वेळी एकच गाडी सोडतात असा टप्पा) सावकाश गाडीला लागणारा वेळ आणि ब्लॉक (पुढच्या स्टेशनची परवानगी) घेण्या-देण्याचा वेळ यांच्या बेरजेने त्यांना भागायचं आणि ०.७ ने गुणायचं. उदाहरणादाखल १० किमीचा सेक्शन आणि ताशी ५० किमीने जाणारी मालगाडी घ्या. १२ मिनिटं धाव, ३ मिनिटं ब्लॉक. १४४० भागिले १५ म्हणजे ९६, त्याचे ७० टक्के म्हणजे एका दिशेला साधारण ६७ गाड्या. त्याच सेक्शनच्या मध्यावर इंटरमीडिएट ब्लॉक सिग्नल (टप्प्याचे दोन भाग करणारा) बसवला की ६ अधिक ३ मिनिटं होतात आणि आकडा ११२ वर जातो. नवा रूळ न टाकता. म्हणून तुमच्या मार्गावर कुठे ॲब्सोल्यूट ब्लॉक (टप्प्यात एकच गाडी) आहे, कुठे ऑटोमॅटिक सिग्नल (आपोआप बदलणारे, एकामागे एक गाड्या सोडणारे) आणि सर्वांत लांब सेक्शन कोणता, हे पहिलं शोधा. संपूर्ण मार्गाची क्षमता त्या एका सेक्शनवर ठरते.

आता महत्त्वाचा मुद्दा. सगळे थांबे घेणारी मेमू आणि मोकळी धावणारी मालगाडी यांचा सरासरी वेग जवळपास सारखाच पडतो, ताशी ४५ ते ५०. मेमू दोन थांब्यांमध्ये १०० ला भिडते, पण प्रत्येक थांब्याला ब्रेक, एक मिनिट थांबणं आणि पुन्हा वेग घेणं यात अडीच मिनिटं जातात. म्हणजे शटल मालगाडीच्या मागे निमूट चालू शकते, तिला ओलांडायची गरज पडत नाही. खरा ताण येतो तो ११० च्या वर धावणाऱ्या एक्सप्रेसचा. ती मागून आली की शटल काय, मालगाडी काय, दोघींनाही बाजूला घ्यावं लागतं. तेव्हा निवेदनात ‘मालगाड्या कमी करा’ असं चुकूनही लिहू नका. ‘एक्सप्रेसचा घोळका गेल्यावर त्याच्या पाठोपाठ शटल सोडा आणि तिच्यामागे मालगाडी’ असं लिहा. सेक्शन कंट्रोलरला, म्हणजे मार्गावर कोणती गाडी आधी सोडायची हे ठरवणाऱ्याला, ही भाषा लगेच कळते.

आणखी एक. रुळांच्या देखभालीसाठी रोज काही तासांचा कॉरिडॉर ब्लॉक ठरलेला असतो. त्या वेळेत गाडी मागितलीत तर पूर्ण निवेदन तिथेच बाद होतं, आणि ते रास्तच आहे. देखभाल चुकवून गाडी नको.

लूपलाइन:
वरचं पटलं, पण शटल बाजूला घ्यायची म्हणजे ज्या लूपला फलाट आहे तिथेच घ्यायला हवी. लहान स्टेशनांवर बरेचदा फलाट मेन लाइनला असतो आणि मालगाडीच्या लूपला नुसती खडी. मग एक्सप्रेस येतेय म्हणून मेमू लूपवर घेतली तर प्रवासी उतरणार कुठे? मार्गावरच्या दोन-तीन स्टेशनांवर लूपला फलाट असला तरी भागतं. उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिमी असतो. १२ डब्यांच्या मेमूला लांबी साधारण ३०० मीटर धरा, ८ डब्यांना २०० मीटर.

दुसरी गोम सांध्याची, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेची. ५८ बॉक्सएन (उघड्या) वाघिणी, ब्रेकव्हॅन आणि इंजिन मिळून रेक साडेसहाशे ते सातशे मीटर भरतो. तो लूपमधून बाहेर काढताना शेवटचं चाक सांध्यावरून जाईपर्यंत वेग वाढवता येत नाही. सांधा १ इन ८.५ चा (आकडा लहान तितकं वळण तीव्र) आणि वेग ताशी १५ किमी असेल तर ७०० मीटरला पावणेतीन मिनिटं लागतात. १ इन १२ चा सांधा घालून वेग ३० केला की दीड मिनिटाच्या आत काम होतं. हे फक्त सांधा ओलांडण्याचं. ब्रेक सुटणं, चार-पाच हजार टन जागचे हलणं वेगळंच. प्रत्येक लूपला आत शिरताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा ही बचत मिळते. नव्या तिसऱ्या मार्गाची मागणी सगळेच करतात, सांधे बदलायची कोणी करत नाही.

साइडिंगचा विचार सोडा. तेलाची साइडिंग तेलासाठीच. मालासाठीच असलेल्या कोणत्याही मार्गावर प्रवासी नेण्याआधी रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम २१ आणि २२ प्रमाणे तपासणी आणि मंजुरी लागते. तपासणी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त हे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात, रेल्वेच्या हाताखाली नाहीत. ते पूल, रूळ, सिग्नल, इंटरलॉकिंग (सांधा नीट बसल्याशिवाय सिग्नल न देणारी यंत्रणा) सगळं पाहतात. साइडिंग बहुतेक इथेच अडते: गाडी ज्यावर दोन वाटांपैकी एक धरते त्या (फेसिंग) सांध्याला इंटरलॉकिंग नसेल तर वेग १५ च्या वर जाता येत नाही, आणि घरंगळलेली वाघीण मेन लाइनवर येऊ नये म्हणून ट्रॅप पॉइंट (तिला रुळाबाहेर उतरवणारा सांधा) किंवा वाळूचा ढीग असलेली अडलाइन लागते.

यवतकर:
दर तासाऐवजी आधी किती मागावं? आणि ही सगळी माहिती मिळते कुठे?

रेकलिंक:
रेकपासून मोजा. हडपसर–दौंड साधारण ७० किमी. सगळे थांबे धरून एका दिशेला ८५ मिनिटं, दोन्ही टोकांना २०-२० मिनिटं. जाऊन-येऊन २१० मिनिटं. दर तासाला गाडी हवी तर चार रेक आणि एक राखीव. दर दोन तासांना हवी तर दोन रेक आणि एक राखीव. शिवाय फेरीमागे अर्धा तास मोकळा उरतो, त्यात उशीर जिरतो. पाच रेक एकदम कुठलाही विभाग देणार नाही. दोन मागा. पहाटे ५ ते रात्री ९ मध्ये दोन्ही बाजूंनी आठ-आठ गाड्या सहज बसतात.

टोक पुणे स्टेशनऐवजी हडपसर ठेवलंत हे तुमचं बरोबर आहे. घोरपडीपासून पुढे मिरजेकडच्या गाड्याही येऊन मिळतात, तिथे फलाटासाठी ताटकळण्यात सगळा हिशेब बिघडतो. पण हडपसरलाही विचारून घ्या: मेमू ज्या फलाटावरून परत फिरणार, तिथून दौंडच्या दिशेला जाताना समोरची लाइन कापावी लागते का? लागत असेल तर गाडी सुटताना दर वेळी दोन्ही दिशा काही मिनिटं अडतात. कोणता फलाट हा प्रश्न त्यामुळे वेळापत्रकाइतकाच मोठा आहे. दौंडलाही तेच बघा, कॉर्ड लाइनने (स्टेशन टाळणारा जोडमार्ग) न जाणाऱ्या मनमाडकडच्या गाड्या तिथे इंजिन बदलून उलट्या फिरतात आणि फलाट अडवतात.

माहितीसाठी माहिती अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘पाथ आहे का?’ असं विचारू नका, त्याला ‘नाही’ एवढंच उत्तर येईल. कागद मागा: या सेक्शनचं ताजं लाइन कपॅसिटी स्टेटमेंट (मार्गाच्या क्षमतेचा तक्ता), ब्लॉक सेक्शननिहाय धावण्याचा वेळ, कॉरिडॉर ब्लॉकची वेळ, आणि प्रत्येक स्टेशनच्या लूपची उभी राहण्याची मोकळी लांबी, सांध्याचा प्रकार, फलाट आहे की नाही.

मास्टरचार्ट:
एक भर. या मार्गावरची लेव्हल क्रॉसिंग गेटंही त्या अर्जात विचारा, प्रत्येकाच्या टीव्हीयूसह (ट्रेन व्हेइकल युनिट). गाड्यांची संख्या गुणिले रस्त्यावरची वाहनं, असा तो आकडा असतो. सोळा गाड्या वाढल्या की तो वाढतो, आणि एक लाखाच्या पुढे गेलं की पुलाचा विषय निघतो. गेट उघडायला वेळ मिळत नाही म्हणून सिग्नल लाल राहतो आणि गाडी बाहेर उभी राहते, हे वेळापत्रकात कुठेच दिसत नाही. तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीला या मुद्द्यावर आत्ताच सोबत घ्या.